ॲलन रेन : साठीत पहिली कादंबरी, वीस लाख प्रती आणि नंतर सामसूम

तैवीकाठ

ॲलन रेन हे नाव इथे कुणी ऐकलंय का? मी वेल्समध्ये येईपर्यंत ऐकलं नव्हतं. आल्यावर शेजारीपाजारी विचारून पाहिलं, तर त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं. जिच्या पुस्तकांच्या वीस लाखांवर प्रती खपल्या असं सांगतात, तिची तिच्याच मुलखात ही गत!

ॲलन रेन हे टोपणनाव. ते म्हणे तिला स्वप्नात दिसलं. मूळ नाव ॲन ॲडलायझा इव्हान्स. जन्म १८३६ चा, तैवी नदीकाठच्या न्यूकॅसल एम्लिन या बाजाराच्या गावात. वडील वकील, पण दोन्हीकडचे पूर्वज नावाजलेले धर्मोपदेशक. तेराव्या वर्षी तिला शिकायला चेल्टनहॅमला ठेवलं, हेन्री सॉली या युनिटेरियन पाद्र्याच्या घरी. डिकन्स, बुलवर लिटन या इंग्रज कादंबरीकारांशी ओळख झाली ती या कुटुंबामुळे. पुढे लंडनच्या बाजूला राहून फ्रेंच, इटालियन, संगीत. विसाव्या वर्षी गावी परत, ती सोळा वर्षं तिथेच. १८७२ मध्ये बेनन पडिकोम यांच्याशी लग्न. ते लंडनच्या एका बँकेत परदेशी पत्रव्यवहार पाहायचे. मग लंडनच्या उपनगरात संसार, आणि त्यातली दहा वर्षं आजारपणात.

१८९४ साली कार्नार्वनच्या आयस्टेदवोदमध्ये (वेल्श साहित्य-संगीताचं वार्षिक संमेलन, त्यात स्पर्धा असतात) वेल्श जीवनावरच्या क्रमशः कथेचं बक्षीस तिला विभागून मिळालं. त्यानंतर लिहिलेली 'अ वेल्श सिंगर' सहा प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी हचिन्सनने ती १८९७ मध्ये काढली. बाई साठीच्या! मग 'टॉर्न सेल्स', 'बाय बर्वेन बँक्स', 'गार्थोवेन' अशी जवळजवळ वर्षाला एक. १९०० मध्ये नवऱ्याचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, तेव्हा दोघं लंडन सोडून त्रेसाइथला समुद्रकाठच्या घरी आले. नवरा १९०६ ला गेला. ती १९०८ च्या जूनमध्ये, कर्करोगाने. पेनब्रिनच्या ज्या चर्चमध्ये लग्न झालं त्याच्याच आवारात दफन. कारकीर्द उणीपुरी अकरा वर्षांची.

माझा प्रश्न असा, की इतकं वाचलं गेलेलं लेखन दोन पिढ्यांत पुसलं कसं जातं? प्रेमकथा होत्या म्हणून? बाई होती म्हणून? की लेखनच बेताचं होतं?

कोकमकढी

साठीत पहिली कादंबरी! म्हणजे माझ्या कपाटातल्या अर्धवट कादंबरीला अजून बरीच मुदत आहे तर. घरच्यांना हा धागा दाखवते.

खडूस_वाचक

तिसरा पर्याय. लेखनच बेताचं.

'अ वेल्श सिंगर' वाचली आहे म्हणून बोलतो. मेंढ्या राखणारी मिफान्वी, तिचा बालमित्र येअन. तो लंडनला जाऊन मोठा शिल्पकार होतो. ती लंडनला जाऊन 'ला बेल रूस' नावाने गाजलेली गायिका होते. दोघं समोरासमोर येतात आणि हा गडी तिला ओळखत नाही! आमच्या हिंदी सिनेमात नायकाने खोटी मिशी लावली की सख्खी आई ओळखायची नाही, तो प्रकार. काळाने निवड केली, बरोबर केली. यात बाई-पुरुष आणू नका.

निशिगंधा_ठाणे

खडूसकाका, एका पुस्तकावरून निकाल?

मी 'बाय बर्वेन बँक्स' (१८९९) वाचली. नायक कार्डो हा सरकारमान्य चर्चच्या पाद्र्याचा मुलगा. नायिका व्हाल्मे ही चॅपलवाल्या उपदेशकाची पुतणी. चॅपलवाले म्हणजे इंग्लंडचं चर्च न मानणारे मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे. वेल्समध्ये बहुसंख्य लोक चॅपलला जायचे, पण दशांश कर मात्र चर्चला भरायचे! ते चर्च सरकारपासून वेगळं व्हायला १९२० उजाडलं. त्यामुळे एकाच गावात, एकाच धर्माचे, एकच भाषा बोलणारे लोक एकमेकांच्या घरी सोयरीक करायचे नाहीत. हे आपल्याला कळायला तळटीप लागत नाही. कार्डो आणि व्हाल्मे चोरून लग्न करतात. तो ऑस्ट्रेलियाला जातो, इकडे तिला दिवस गेलेले, आणि लग्न झालंय हे सांगायचं नाही असं तिने वचन दिलेलं. पुढे गावाने तिला कसं वागवलं ती प्रकरणं मी एका बैठकीत वाचली.

(तिकडे त्याची स्मृती जाते. तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते.)

खडूस_वाचक

स्मृती जाते!! माझं बोलणं संपलं.

पळसपान

मला दुसरीच तक्रार आहे. हा सगळा भाग, म्हणजे कार्मार्थेनशायर-कार्डिगनशायर, एकोणिसाव्या शतकात धुमसत होता. १८३९ ते १८४३ रेबेका दंगली. टोलनाक्यांनी गांजलेले शेतकरी बायकांचे कपडे घालून, तोंडाला काजळी फासून रात्री नाके फोडायचे. म्होरक्याला 'रेबेका' म्हणायचे. ते न्यूकॅसल एम्लिनच्या आसपासच चालू होतं, ही मुलगी तेव्हा तीन ते सात वर्षांची. १८६८ च्या निवडणुकीत मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं म्हणून कुळांना शेतांवरून काढलं. तेव्हा गुप्त मतदान नव्हतं, कोणी कुणाला मत दिलं ते चारचौघांत कळायचं. १८८० नंतर दशांश करावरून जप्त्या आणि मारामाऱ्या. आणि आपल्या लेखिकाबाई काय लिहितात? समुद्र, रानफुलं आणि गोड गोड माणसं. वडील वकील होते, अशिलांच्या बाकावर कोण बसायचं हे तिने पाहिलं नसेल?

तैवीकाठ

पळसपान, मुद्दा रास्त आहे. जमीनदार आणि कुळं हा झगडा तिच्याकडे फारसा येत नाही. पण 'गोड गोड माणसं' एवढंच नाही.

एक तर तिच्या बायका कामं करतात. 'टॉर्न सेल्स' (१८९८) शिडं शिवणाऱ्यांच्या गावात घडते. नायक ह्यू मॉर्गनची शिडांची कार्यशाळा आहे आणि गावातले पुरुष-बायका तिथे कामाला येतात. पुस्तक आलं तेव्हा वाफेच्या जहाजांनी तो धंदा बसवलाच होता. 'अ वेल्श विच' (१९०२) मध्ये पात्रं गाव सोडून ग्लॅमॉर्गनच्या कोळसा खाणीवर जातात आणि खाणीत अपघातात सापडतात. त्या काळी कार्डिगनशायरमधून खरोखरच माणसं अशी खाणींकडे चालली होती. वेल्श खाणींवरच्या गाजलेल्या कादंबऱ्या आल्या त्या यानंतर कितीतरी वर्षांनी.

दुसरं, १८४७ ची निळी पुस्तकं. सरकारने वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन इंग्रज बॅरिस्टर पाठवले, तिघांनाही वेल्श येत नव्हतं. अहवालाची बांधणी निळी, म्हणून ते नाव. त्यात शाळांविषयी खरं बरंच होतं. पण सोबत असंही लिहिलं की वेल्श भाषा ही प्रगतीची आडकाठी आणि वेल्श खेड्यातल्या बायका नीतीने सैल. लग्नाआधी मुलामुलीने रात्री कपड्यांनिशी एका बिछान्यावर बोलत बसायची तिथली जुनी रीत होती, तिच्यावर सगळा रोख. अख्खा देश पेटला. ॲन तेव्हा दहा वर्षांची. पन्नास वर्षांनी ती इंग्रजी वाचकापुढे एकामागून एक कष्टाळू, निर्मळ, भावनेने उत्कट वेल्श मुली उभ्या करते, ते उगाच नसावं. कैफियत मांडल्यासारखं आहे ते. आता कैफियत मांडणारा माणूस घरातली भांडणं सांगत नाही, हेही आलंच.

अर्धा_कप_चहा

इंग्रजी न येणाऱ्यांची इंग्रजीतून परीक्षा आणि वर नापास म्हणून शेरा. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय खरं.

प्राजक्ता_सोमण

तैवीकाठ, तुझ्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात मिळतं. मला हा विषय अभ्यासाला होता, म्हणून थोडं लांबण लावते.

१९१५ मध्ये कॅराडॉक इव्हान्सचा 'माय पीपल' हा कथासंग्रह आला. हा माणूस रिडलुइस गावचा, म्हणजे त्रेसाइथहून अगदी जवळ. तोच मुलूख, तेच शेतकरी, तेच चॅपल. पण इव्हान्सच्या गोष्टींत धर्मोपदेशक लोभी, शेतकरी क्रूर, बायकांचे हाल कुत्रं खात नाही. वेल्समध्ये त्याच्या नावाने शिमगा झाला. लंडनमध्ये वाहवा. पुढे इंग्रजीतून लिहिणाऱ्या वेल्श लेखकांचा इतिहास मांडला गेला तेव्हा ग्विन जोन्ससारख्या वजनदार समीक्षकाने आधुनिक काळाची सुरुवात या पुस्तकापासून धरली. आता १९१५ ही रेघ मारली की १९०८ मध्ये वारलेली बाई रेघेच्या अलीकडे. तिच्याबरोबर त्या काळच्या इतर लेखिकाही. मग पुढची पिढी शिकताना १९१५ पासूनच शिकते, संशोधन त्यावरच होतं, पुनर्मुद्रणं त्यांचीच निघतात.

रेनवर एक छोटं चरित्रात्मक पुस्तक सॅली जोन्सने १९७९ मध्ये लिहिलं. आणि तिची 'क्वीन ऑफ द रशेस' ही कादंबरी पुन्हा छापली होनो या वेल्श स्त्रियांच्या प्रकाशनाने, १९९८ मध्ये. होनो स्वतः १९८६ ला सुरू झालं. म्हणजे बायकांनी प्रकाशन काढलं तेव्हा बाईचं पुस्तक आलं.

खडूस_वाचक

प्राजक्ताताई, अभ्यासाबद्दल आदर आहे. पण एक सांगा, 'माय पीपल' टिकलं ते समीक्षकाने रेघ मारली म्हणून, की त्यातली भाषा अंगावर येते म्हणून? मी दोन्ही वाचलेत. इव्हान्सची एक गोष्ट वाचली की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. रेन वाचून झोप छान लागते.

निशिगंधा_ठाणे

झोप छान लागणं हा साहित्याचा गुण का धरू नये? घरात आजारी माणूस असलेल्यांना विचारा.

प्राजक्ता_सोमण

इव्हान्स जास्त मोठा लेखक आहे, हे मीही मान्य करते. माझं म्हणणं वेगळं आहे. दोघंही आपला मुलूख परक्यांना दाखवत होती. एकाने कडू दाखवला, एकीने गोड. कडव्याला आपण वास्तव म्हणायचं आणि गोडाला स्वप्नरंजन, असं वाटून टाकलंय. कॅराडॉक इव्हान्सच्या गावात एकही बरा माणूस नाही, हे काय वास्तव झालं?

टोमणे_बहाद्दर

मी आपला शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

दौंडकर

धागा वाचता वाचता 'क्वीन ऑफ द रशेस'चं नाव दिसलं आणि थांबलो. ही १९०६ ची, वेल्सच्या धर्मजागरणावरची ना? मग तिचा आमच्या भागाशी संबंध आहे.

आमच्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, सगळ्यांना माहीत असेलच. १९०४ च्या शेवटी वेल्समध्ये धर्मजागरणाची लाट उठली. खासी टेकड्यांमध्ये वेल्श मिशनरी १८४१ पासून काम करत होते, तिथे ती १९०५ च्या सुरुवातीला पोचली. रमाबाईंनी वेल्सच्या बातम्या ऐकून मुक्तीमध्ये खास प्रार्थनेचे गट सुरू केले आणि जूनच्या अखेरीस केडगावला तेच घडलं. मुली रडत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करत, आपली पापं सांगत. इथून मुलींचे गट बाहेरगावी गेले. पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती) चळवळीचा इतिहास लिहिणारे केडगावचं नाव घेतात ते यामुळे.

आमच्या घरात याच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत, पण त्याच लाटेवर त्याच वेळी वेल्समध्ये कादंबरी लिहिली गेली हे नव्हतं माहीत. त्यात काय आहे?

तैवीकाठ

दौंडकर, हे वाचून काय बरं वाटलं म्हणून सांगू.

ती लाट उठली कुठे ते पाहा. इव्हान रॉबर्ट्स, पूर्वी खाणीत काम केलेला सव्वीस वर्षांचा तरुण, धर्मोपदेशक होण्याच्या तयारीसाठी १९०४ मध्ये शाळेत आला तो न्यूकॅसल एम्लिनला. रेनच्या गावी! आणि २९ सप्टेंबरला ज्या सभेत त्याला तो अनुभव आला ती ब्लाएनअनर्खच्या चॅपलमध्ये, त्रेसाइथपासून गाडीने फार तर पाव तास. सगळं तिच्या दारात घडत होतं. आजारी नवरा सांभाळत ती ते पाहत होती आणि दोन वर्षांत तिने त्यावर कादंबरी काढली.

गोष्ट अशी. वादळात होडी बुडते. त्यात गिल्डासचे वडील जातात आणि ग्वेनिफर या लहान मुलीची आई तिच्या डोळ्यांदेखत जाते. त्या धक्क्याने तिची वाचाच बसते. ती गिल्डासच्या शेतावर काम करत मोठी होते. गिल्डासचं लग्न होतं नॅन्सशी, पण नॅन्सचा जीव एका दर्यावर्दी कप्तानावर. मग गावात जागरण येतं. नॅन्स त्यात वाहवत जाते. गिल्डास सभांपासून लांब राहतो, त्यामुळे गावाच्या डोळ्यांत खुपतो. लेखिका दोन्ही दाखवते. लोक दारू सोडतात, जुनी भांडणं मिटतात, गाणी तर अशी की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण आधीच तोल गेलेल्या बाईला त्या उन्मादाने काय होतं तेही. तिच्या पूर्वजांमध्ये डॅनियल रोलंड, म्हणजे अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट जागरणाचा एक मोठा पुढारी. घरचीच बाब होती. तरी डोळे उघडे ठेवून लिहिलंय. आणि घरात मानसिक आजार असताना लिहिलंय, हे नॅन्सची प्रकरणं वाचताना विसरता येत नाही.

खडूस_वाचक

हे वाचायला हरकत नाही असं वाटतंय. वाचा बसलेल्या मुलीची वाचा शेवटी परत येते का? येतच असणार.

तैवीकाठ

सांगणार नाही.

टोमणे_बहाद्दर

म्हणजे येते.

दौंडकर

तैवीकाठ, मनापासून आभार. मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मग रमाबाईंवर कादंबरी लिही म्हणावं कुणाला तरी, या जागरणाच्या बाजूने. आपल्याकडे त्यांचं संस्कृत, केशवपन, स्त्रीशिक्षण इथपर्यंत लोक येतात आणि १९०५ ला पोचले की घसा खाकरतात.

स्वान्सीचा_डॉक्टर

उशिरा आलो. वेल्समध्ये अर्धी नोकरी आणि सगळी निवृत्ती काढली, म्हणून राहवलं नाही.

ॲलन रेन ठीक आहे, पण तिच्या बहुतेक गोष्टी तिच्या आठवणीतल्या काळाच्या. खरी ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारी म्हणाल तर आमच्या स्वान्सीची आयरिस गावर (१९३५–२०१०). खरं आडनाव डेव्हिस. शेजारच्या गावर द्वीपकल्पावरून टोपणनाव घेतलं. १९८३ मध्ये 'कॉपर किंगडम' आली आणि तिथून गाडी सुटली. एकाच शहरावर सहा पुस्तकांची मालिका. मग चांभारकाम, कालवं काढणारे मंबल्सचे कोळी, मातीची भांडी, रेल्वे असा एकेक धंदा घेऊन पुढच्या मालिका. नायिका बहुतेक गरीब घरची, जिद्दी, आणि पुढे स्वतःचा धंदा उभा करणारी.

दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या पिशवीत ही पुस्तकं असायची. कोरी नव्हे, वाचनालयाची, प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेली. एकदा एकीने मला प्रिस्क्रिप्शनच्या बदल्यात वाचायचा हुकूम सोडला, 'डॉक्टर, तुम्ही इथे राहता तर हे शहर कशावर उभं राहिलं ते कळू दे.' वाचलं. नायिका मली, तिची आई वारते त्याच रात्री तिची गाठ तांब्याच्या कारखान्याच्या तरुण मालकाशी पडते. पुढचं तुम्ही ओळखालच. पण तांब्याच्या धुळीशी रोज झगडणाऱ्या त्या गल्लीतल्या बायका डोक्यातून गेल्या नाहीत. एके काळी ब्रिटनमधलं बहुतेक तांबं स्वान्सीच्या खोऱ्यात वितळायचं. तांब्यापेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागायचा, म्हणून कॉर्नवॉलची खनिजं जहाजाने कोळशाकडे यायची. धुरात गंधक आणि आर्सेनिक. किल्वी टेकडीवर गवताची काडी उगवेना. १९६० नंतर पद्धतशीर झाडं लावली तेव्हा ती हिरवी झाली.

अर्धा_कप_चहा

डॉक्टरकाका, ते तांबं आपल्याकडेही यायचं. ईस्ट इंडिया कंपनी अठराव्या शतकात ब्रिटिश तांबं हिंदुस्थानात आणून विकायची. आजीच्या घंघाळाचं मूळ कुठे आहे कोण जाणे.

पळसपान

आणि पश्चिम आफ्रिकेत गुलाम खरेदी करायला लागणारी पितळी-तांब्याची कडी, तीही स्वान्सीच्या व्हाइट रॉक कारखान्यातून. पुढे क्यूबातल्या एल कोब्रेच्या खाणीतून खनिज यायचं, तिथे ब्रिटिश कंपनीसाठी गुलाम राबत होते. ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामी १८३३ च्या कायद्याने बंद केली त्यानंतरही. मालकाच्या मुलाशी प्रेम जमवणाऱ्या कादंबरीत हे येतं का, डॉक्टर?

स्वान्सीचा_डॉक्टर

मी वाचलेल्यांत नाही. रास्त प्रश्न आहे. मात्र तिची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तोवर तो व्यवहार संपला होता. आणि व्हाइट रॉकबद्दल मला कळलं ते कादंबरी वाचून कुतूहल वाढलं, भग्न कारखाने पाहायला गेलो, तेव्हा. म्हणजे पुस्तकाने दार तरी उघडलं.

आता मूळ प्रश्नाशी जोडणारी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये वाचनालयातून पुस्तक नेलं की लेखकाला सरकारकडून काही पेन्स मिळतात. १९७९ चा कायदा, पैसे १९८४ पासून. एका लेखकाला वर्षाला कमाल ६,६०० पौंड. ज्यांची पुस्तकं विकत कमी आणि वाचनालयातून जास्त वाचली जातात, अशा कौटुंबिक-ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हा मोठा आधार. रेनच्या वेळी असलं काही नव्हतं. सहा पेनींची स्वस्त आवृत्ती काढा, रेल्वे स्टेशनवर विका. तसली पुस्तकं प्रवासात वाचून टाकून द्यायची असतात, जपून ठेवायची नसतात. हरवण्याचं एक कारण तो कागदही असेल.

प्राजक्ता_सोमण

कागदाचा मुद्दा मी कधी विचारातच घेतला नव्हता. खरंय.

त्यात भर म्हणजे ती कुणाचीच नाही. वेल्शमध्ये लिहिलं असतं तर वेल्श शाळांनी सांभाळलं असतं. इंग्रजीत लिहिलं, तर इंग्रजांना ती सुट्टीत वाचायची करमणूक. तिच्या गोष्टींवर मूकपट निघाले. 'अ वेल्श सिंगर' १९१५ मध्ये, फ्लोरेन्स टर्नर नायिका, आणि पुढे नाट्यसृष्टी गाजवणारी ईडिथ इव्हान्स त्यात लहानशा कामात. १९२० मध्ये आणखी दोन. नंतर बोलपट आले आणि लोकांची आवडच बदलली.

कोकमकढी

आमच्या गावच्या वाचनालयाने मागे जागा नाही म्हणून कपाटंच्या कपाटं रद्दीत काढली. सगळ्यात आधी काय गेलं? बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. पानं सुटी झालेली होती म्हणे. अहो, वाचून वाचून सुटी झाली होती! ज्यांची पानं शाबूत ती आज दिमाखात उभी आहेत.

निशिगंधा_ठाणे

कोकमकढी, +१००.

रमेश_मिरज

नवीन सदस्य आहे. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजे, लढाया असं वाटून धागा उघडला होता. तसं काही या बाईंनी लिहिलं आहे का?

तैवीकाठ

रमेशजी, आहे. 'हार्ट्स ऑफ वेल्स' (१९०५), ओवेन ग्लिंडूरच्या बंडाच्या काळातली. ग्लिंडूर म्हणजे १४०० साली इंग्रज राजाविरुद्ध उठलेला वेल्श सरदार. १४०४ मध्ये माखन्लेथला त्याने आपली संसद भरवली. पुढे हरला, पण पकडला गेला नाही. १४१५ च्या सुमारास दिसेनासा झाला आणि दंतकथेत गेला. १४०३ मध्ये त्याने न्यूकॅसल एम्लिनचा किल्ला घेतला होता, म्हणजे लेखिका लहानपणी ज्या पडक्या भिंतींवर खेळली असेल तोच.

मात्र लढाया वाचायला जाल तर निराश व्हाल. तिला तलवारीत रस नाही. मला विचाराल तर तिच्या पुस्तकांतलं हे डावंच. ऐकीव इतिहासात ती अवघडते आणि आठवणीतल्या इतिहासात मोकळी होते. शिडं शिवायची सुई, गवताची गंजी, चॅपलला जाताना हातात धरलेले आणि दाराशी घातलेले बूट, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

रमेश_मिरज

समजलं. वेल्सवर कादंबरी शोधताना अलेक्झांडर कॉर्डेल हे नाव सापडलं. त्याच्या कादंबऱ्यांत दंगे आहेत असं दिसतं.

पळसपान

रमेशजी, तुम्ही माझ्या पंगतीतले. कॉर्डेल जरूर वाचा. १९५९ मध्ये त्याने ब्लायनाव्हनच्या लोखंड कारखान्यांवर लिहिलं आणि पुढच्याच वर्षी रेबेकावर. गंमत म्हणजे हा माणूस वेल्श नव्हे, जन्म कोलंबोचा. वेल्सच्या कष्टकऱ्यांचा इतिहास घराघरात पोचवला तो श्रीलंकेत जन्मलेल्या इंग्रजाने, आणि न्यूकॅसल एम्लिनची लेक मात्र प्रेमपत्रं मोजत बसली.

निशिगंधा_ठाणे

पळसपान, प्रेमपत्रं मोजत नव्हती, नवऱ्याची औषधं मोजत होती. साठीनंतर, आजारी माणूस घरात असताना, दहा-बारा पुस्तकं. दंगे लिहायचे राहिले खरे.

पळसपान

हे मान्य. तरी राहिले.

स्वान्सीचा_डॉक्टर

तुमच्या दोघांचं भांडण मिटू नये अशी इच्छा आहे. फार दिवसांनी इथे कुणी पुस्तकावरून भांडतंय.

अर्धा_कप_चहा

वाचायची तर सुरुवात कुठून? आणि मिळतात कुठे?

तैवीकाठ

'गार्थोवेन' आणि 'बाय बर्वेन बँक्स' प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत, स्वामित्वहक्क कधीच संपलाय. 'क्वीन ऑफ द रशेस' होनोची घ्या, प्रस्तावना केटी ग्रामिकची आहे, ती चुकवू नका. पहिली 'गार्थोवेन' वाचा. शेतकरी बाप, पाद्री व्हायला निघालेला एक मुलगा, दर्यावर भटकणारा दुसरा, आणि वरच्या माळावर राहणारी मोर्वा. सुरुवातीची वर्णनं थोडी लांबतात, तेवढी पार करा.

खडूस_वाचक

काल रात्री 'गार्थोवेन' उतरवून घेतली. फक्त माझं मत सप्रमाण सिद्ध करायला, गैरसमज नको. वर्णनं थोडी नाही, भयंकर लांबतात. चंद्र उगवला की बाई अख्खा परिच्छेद त्याच्या नावे करून देतात. संवादांत दर चार ओळींनी कुणीतरी उसासा टाकतं.

आत्ता कुठे घरातले पैसे चोरीला गेलेत आणि सगळ्यांचा संशय त्या दर्यावर्दी पोरावर आहे. त्याने घेतले नाहीत हे मला कळतंय, पण घेतले कुणी? तैवीकाठ, निशिगंधा, टोमणे, कुणीही इथे उत्तर लिहायचं नाही. उद्या रात्रीपर्यंत धागा बंद ठेवा.

टोमणे_बहाद्दर

मला माहीत आहे. काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?